खाडीपलीकडचा अर्धा किलोमीटर

जिल्हा कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे, तिथे बसून एक गृहस्थ अख्ख्या जिल्ह्याची माहिती ठेवत. किनारा किती लांब, दीपगृहं किती, मिठागरं किती, होड्या किती, कोंबड्या किती, सगळं त्यांच्याकडे. कार्यालयात त्यांना सगळे आकडेशास्त्री म्हणत. वय पस्तिशीच्या आतलं, केस तेल लावून चापून बसवलेले, स्वभाव गरीब. दरवर्षी जिल्ह्याचं माहितीपुस्तक निघे, ते तेच तयार करत. आता तयार करत म्हणजे काय, तर मागच्या वर्षीचं पुस्तक समोर ठेवून वर्ष तेवढं बदलत. यात त्यांना दोष देऊ नका. मागच्या माणसानेही तसंच केलं होतं, आणि त्याच्या मागच्यानेही. डोंगर आणि समुद्र दरवर्षी थोडेच हलतात?

पण चार वर्षांपूर्वी त्यांनी एक आकडा स्वतःच्या डोक्याने घातला होता, आणि तोच अंगाशी आला.

झालं असं. कार्यालयाच्या खिडकीतून खाडी दिसते. खाडीच्या पलीकडे लाल कौलांचं एक गाव आहे, चारशे माणसांचं, मासळीवर जगणारं. ही आकडेशास्त्र्यांची सासुरवाडी. त्या वर्षी गावागावांतून तक्ते भरून आले, त्यात या गावचा तक्ता मासळीच्या टोपलीतून आला आणि भिजून त्याचा लगदा झाला. आकडेशास्त्री म्हणाले, त्यात काय, आपलंच गाव. लोकसंख्या माहीत होती, विहिरी माहीत होत्या. ‘मुख्यालयापासून रस्त्याने अंतर’ या त्या वर्षी नव्यानेच आलेल्या रकान्याशी आले आणि क्षणभरही न थांबता त्यांनी लिहिलं, अर्धा किलोमीटर. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. रोज संध्याकाळी होडीत बसायचं आणि दहा मिनिटांत सासुरवाडीच्या ओट्यावर. दोन्ही काठांवरच्या कुठल्याही माणसाला विचारा, पलीकडचं गाव किती लांब, तो म्हणेल अर्धा किलोमीटर. इथे अंतर म्हटलं की होडीचं अंतर. रस्ता असा एक आहे, खाडीच्या कडेकडेने आत जाऊन, डोंगर चढून, पार टोकाच्या पुलावरून वळसा घालून येणारा, पण तो कुणाच्या डोक्यातच नसतो.

चार वर्षं त्या आकड्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. कारण ते पुस्तक कुणी वाचत नव्हतं.

मग नवे साहेब आले. जिल्ह्याचे सर्वांत मोठे साहेब, लांबच्या कोरड्या मुलखातून बदलून आलेले. माणूस सज्जन, हुशार, कामाला वाघ, पण एक खोड भारी वाईट, माहितीपुस्तक वाचायचे. नुसतं वाचायचे नाहीत, काखेत घेऊन फिरायचे. त्यांच्या खोलीत जिल्ह्याचा मोठा नकाशा होता खरा, पण त्याचा अर्धा भाग, म्हणजे खाडीची आतली बाजू आणि तो पूल, एका लोखंडी कपाटामागे गेला होता. कपाट हलवायचं तर बांधकाम खात्याची परवानगी लागे. तेव्हा साहेबांचा सगळा भरवसा पुस्तकावर.

आणि नियम असा होता, की मुख्यालयापासून रस्त्याने पाच किलोमीटरच्या आत जे गाव आहे, त्याला सरकारी परवान्याची होडी नाही. साहेबांनी पुस्तकावरून बोट फिरवलं, ते अर्ध्या किलोमीटरवर येऊन थांबलं. आजपासून तीन आठवड्यांनी, दुपारी बारा वाजल्यापासून होडीचा परवाना रद्द, असा आदेश निघाला.

आता तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या आकडेशास्त्र्यांनी जाऊन सांगायचं ना, साहेब, चुकलं. सांगितलं असतं. पण ती होडी चालवत कोण होतं माहीत आहे? त्यांच्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. नवरा गेल्यावर बाईने होडीचं इंजिन हातात घेतलं ते वीस वर्षं सोडलं नव्हतं. आवाज असा, की या काठावरून बोलल्या तर त्या काठावरचा माणूस उत्तर देई. आदेश हातात पडला त्याच दिवशी त्या लेकीच्या घरी आल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “हे ज्या कुणी लिहिलंय ना जावईबापू, तो मला एकदा माझ्या होडीत पाहिजे. मधल्या धारेपर्यंत नेते आणि विचारते, बाबा, इथून रस्ता कुठाय तेवढं दाखव.”

आकडेशास्त्र्यांच्या घशात घास अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की तिला सगळं कळलंय हे त्यांना कळलं. पण ती बोलली नाही. आईला ओळखून होती.

“अर्ज करा आई,” आकडेशास्त्री कसेबसे म्हणाले. “लेखी अर्जाचं उत्तर द्यावंच लागतं.”

मग त्याच स्वयंपाकघरात सासूबाईंनी अर्ज सांगितला, लेकीने लिहिला, आणि जावयाने दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हाताने आवक खिडकीवर दिला. अर्ज तिथून मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी शेरा मारला, ‘सांख्यिकी शाखेने अभिप्राय द्यावा.’ सांख्यिकी शाखा म्हणजे जिन्यालगतची ती खोली. नवव्या दिवशी अर्ज फिरून फिरून त्याच हातात आला, ज्या हाताने दिला होता.

तेव्हा तरी तोंड उघडायचं. त्या दुपारी आकडेशास्त्र्यांनी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. पहिल्यांदा आत मंडळी बसली होती. दुसऱ्यांदा आत कुणीच नव्हतं, त्यामुळे तर त्यांची पाचावर धारण बसली. ते परत आले, खुर्चीत बसले, आणि जे त्या खोलीत नेहमी लिहिलं जाई तेच त्यांनी लिहिलं, ‘माहितीपुस्तकाशी ताडून पाहता सदर अंतर बरोबर आहे.’ खाली सही केली. म्हणजे स्वतःच चूक करायची, स्वतःच तपासायची, आणि स्वतःच बरोबर म्हणायचं. सरकारी कामात याला पडताळणी म्हणतात.

उत्तर गेलं. लेकीने आईला ते वाचून दाखवलं आणि सहीचा भाग तेवढा गाळला. त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, मी एकदा गाळलं. दुसऱ्यांदा गाळणार नाही.”

शेवटचा दिवस उजाडला. साहेबांनी ठरवलं, होडीच्या शेवटच्या फेरीत आपण स्वतः बसायचं, पलीकडचं गाव पाहायचं, तिथल्या टेकडीवर पर्यटकांसाठी काही करता येईल का ते बघायचं, आणि बारा वाजता परवाना संपला की चालत परत यायचं. “अर्धा किलोमीटर तर आहे,” साहेब म्हणाले. “पाय मोकळे होतील. तीनला सचिव येतायत, तोवर जेवूनही होईल.” त्यांनी जीपवाल्याला अलीकडेच थांबवलं. जीपवाल्याला रस्ता माहीत होता, शिपायाला माहीत होता, कारकुनांना माहीत होता. पण साहेबांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायचं नाही ही त्या इमारतीतली फार जुनी शिस्त. सगळे मूग गिळून बसले. आकडे लागतील म्हणून आकडेशास्त्र्यांना बरोबर घेतलं होतं. पुस्तक त्यांच्याच हातात.

होडीत सासूबाई सुकाणूशी उभ्या. जावयाला पाहून त्या मान हलवून हसल्या, त्यांना वाटलं आपल्या बाजूने आलाय. आकडेशास्त्री पाण्याकडे बघत राहिले.

“किनारा केवढा सुंदर आहे,” साहेब म्हणाले. “आणि लोक मात्र बाहेर कामाला जातात. मासळी आहे, मीठ आहे, काय कमी आहे इथे?”

“बर्फ,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“बर्फाचा कारखाना अलीकडे, मासळी पलीकडे. सकाळी साडेपाचला बायका टोपल्या घेऊन बसतात, सहाला बाजारात. होडी बंद झाली की मासळी बाजारात पोचेपर्यंत तिचा वास आधी पोचेल.”

“पण रस्ता आहे ना,” साहेब समजुतीने म्हणाले. “अर्धाच किलोमीटर.”

“हो, तसं छापलंय,” सासूबाई म्हणाल्या. आणि पुढे अवाक्षर बोलल्या नाहीत. जावयाला तो गप्पपणा बरा वाटला नाही. ही बाई गप्प बसली की काहीतरी शिजत असे.

साहेबांनी गाव पाहिलं, टेकडी पाहिली, नारळाचं पाणी प्यायलं. बाराला पाच मिनिटं असताना सासूबाईंनी होडीचा दोर दुहेरी बांधला, इंजिनाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि आदेशाचा कागद डोलकाठीवर लटकवून दिला. साहेब सगळ्यांना नमस्कार करून रस्त्याला लागले. अर्धं गाव त्यांच्या मागून निघालं. एका म्हातारीने तर पाण्याची बाटली साहेबांच्या हातात दिली आणि “लागेल हो वाटेत” म्हणून पाठीवर हात ठेवला.

साहेबांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. रस्ता खाडीकडे पाठ करून सरळ डोंगरावर चढत होता. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अर्धा किलोमीटर भरला तेव्हा समोर एक बांधलेली शेळी होती आणि पुढे आणखी चढ.

“मुख्यालय कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

मंडळींनी हात केला तो मागे. साहेब वळले. खाली खाडी, खाडीपलीकडे त्यांचं स्वतःचं कार्यालय, त्यातली त्यांच्याच खोलीची खिडकी, आणि अंगणात जीप. जीपच्या टपावर पाय पसरून जीपवाला झोपला होता.

“आणि पूल?”

“पूल तिकडे,” गावचा दुकानदार म्हणाला आणि त्याने डोंगराच्याही पलीकडे कुठेतरी बोट दाखवलं. “बारा-तेरा किलोमीटर असेल. मग तेवढंच परत यायचं, त्या बाजूने.”

साहेबांनी आकडेशास्त्र्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. आकडेशास्त्र्यांनी शेळीकडे पाहिलं. शेळी तेवढी निवांत होती.

खाली उतरून सगळे पुन्हा धक्क्यावर आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सासूबाई धक्क्यावर बसून जाळं विणत होत्या.

“चला, सोडा होडी,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. बारा वाजले. परवान्याशिवाय माणसं नेली तर होडी जप्त, असं लिहिलंय.”

“मी सांगतोय ना.”

“तुम्ही तोंडी सांगताय. कागदावरची सही पण तुमचीच आहे. मी बापडी कुठल्या साहेबाचं ऐकू?”

मागे कुणीतरी खोकलं. साहेबांचा आवाज थोडा चढला. “अहो बाई, पुस्तकात चूक झालीय हे दिसतंय मला.”

“चूक कशी असेल?” सासूबाई अगदी साळसूदपणे म्हणाल्या. “मी अर्ज केला होता. तपासून बरोबर आहे असं तुमच्याच ऑफिसचं उत्तर आलंय.” आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी केलेलं पत्र काढून साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी पत्र वाचलं. मग खालची सही वाचली. मग वर पाहिलं. “हे तुम्ही लिहिलंय?”

जाळं विणणारा हात थांबला.

आकडेशास्त्र्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणी त्या दिवशी कामात होती. एकीकडे साहेब, दुसरीकडे सासूबाई, मागे अर्धं गाव, आणि समोर ती बांधून घातलेली होडी. तिच्याकडे पाहून त्यांना एकदम फार वाईट वाटलं. भीती तशीच होती, पण तिच्यावर लाज चढून बसली. “हो साहेब,” ते म्हणाले. “पत्र माझं. पुस्तकातला आकडाही माझाच. तक्ता भिजला होता, मी मनाने भरला. मी नेहमी होडीनेच येतो इथे. रस्त्याने एकदाही आलो नाही. माझ्या डोक्यात हे गाव अर्ध्या किलोमीटरवरच आहे. नंतर कळलं तेव्हा सांगायला घाबरलो.”

“कुणाला घाबरलात?” साहेबांनी विचारलं.

आकडेशास्त्र्यांची नजर जिकडे गेली तिकडे साहेबांनीही पाहिलं, आणि काय असेल ते असो, साहेबांचा राग निम्मा उतरला.

त्यांनी आदेशाचा कागद डोलकाठीवरून काढला, उलटा केला आणि दुकानदाराच्या पाठीवर ठेवून लिहिलं, ‘रस्त्याचे अंतर प्रत्यक्ष मोजून नोंद दुरुस्त होईपर्यंत आदेश स्थगित. होडी चालू ठेवावी.’ सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. सासूबाईंनी तो लेकीच्या वयाच्या एका बाईकडून दोनदा वाचून घेतला.

“आणि हे प्रत्यक्ष मोजणार कोण?” त्यांनी विचारलं.

“माणूस पाठवतो उद्या.”

“उद्या कशाला?” सासूबाई उठल्या, किल्ली काढली. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी जावयाकडे नीट पाहिलं. “ज्याने लिहिलंय तो उभा आहे की इथे. पायही धडधाकट दिसतात.”

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि आकडेशास्त्र्यांच्या हाताला बांधलं. म्हातारीची पाण्याची बाटलीही दिली. होडी सुटली. अर्ध्या खाडीतून सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू, चढावर दम खा. घाई नको, नोंद चुकेल.”

तर आकडेशास्त्री चालले. पहिल्या चार किलोमीटरांत त्यांनी साहेबांना, पुस्तकाला, भिजलेल्या तक्त्याला आणि सासऱ्यांनी विकत घेतलेल्या त्या होडीलाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. सातव्या किलोमीटरला चपलेचा अंगठा तुटला. पुलाआधीच्या चढावर एक दूधवाला सायकल ढकलत वर येत होता, त्याने विचारलं, कुठून आलात? यांनी गावाचं सांगितलं. “वेडे का?” दूधवाला म्हणाला. “तिथून कुणी चालत येतं होय? होडी आहे ना.” पुलावर ते कठड्याला टेकून बसले. पायाला फोड आले होते. तिथून ना हा काठ दिसत होता ना तो. साडेपाचच्या टोपल्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या, शाळेची पोरं आली, दवाखान्यात आणायची माणसं आली. आजवर त्यांनी हजारो आकडे लिहिले होते, पण एखादा आकडा पायाने लिहायची ही पहिलीच वेळ. मग ते उठले आणि पुढे चालू लागले, कारण बसून चालणार नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारातच सासूबाई बसलेल्या. बायकोने गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं होतं, त्यात मीठ टाकलेलं. आकडेशास्त्री गुपचूप बसले आणि पाय पाण्यात सोडले. आता बोलणी बसणार, म्हणून मान खाली घालून वाट बघत राहिले.

“किती भरलं?” सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी हात पुढे केला. लेकीने घड्याळ वाचलं. “तेवीस किलोमीटर, वर चारशे मीटर.”

सासूबाईंनी खाली वाकून जावयाचा पाय घमेल्यातून उचलून पाहिला, फोडाला हलकेच बोट लावलं आणि पुन्हा पाण्यात ठेवला.

“हिला तुमच्याकडे द्यायचं ठरलं,” त्या म्हणाल्या, “तेव्हा माझी बहीण म्हणाली होती, एकुलती एक पोर, पलीकडच्या काठावर कशाला देतेस, लांब पडेल. मी तिला हसले. म्हटलं, कसलं लांब, अर्धा किलोमीटर तर आहे.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “हे तीन आठवडे मला एकच दिसत होतं जावईबापू. माझी पोर तेवीस किलोमीटरवर गेली.”

आकडेशास्त्र्यांनी साहेबांनी शिपायाबरोबर पाठवलेला, कोनाड्यात ठेवलेला दुरुस्तीचा तक्ता ओढून घेतला, पेन उघडलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. बाईंना मोठे शब्द लिहिता येत नसत, पण आकडे येत. त्यांनी रकाना विचारून घेतला आणि अर्ध्या पानभर तेवीस लिहिलं.